पुढे सायरन, मागे आप्पा

‘सुरतच्या पत्रकारितेचा डोळा कायमचा मिटला’ असे शोकसभेच्या फलकावर लिहिले होते. वाक्य गंभीर होते आणि निम्मे खरेही होते. भास्कर सोनवणे यांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, सारी कारकीर्द एक डोळा मिटूनच काढली; दुसरा कॅमेऱ्याला लावलेला असे. व्यासपीठावरच्या खुर्चीत हार घालून एक कॅमेरा ठेवला होता. तो आप्पांचा नव्हता. आप्पांचा फोटो मोठा करून लावायचा बेत होता, पण तो का फसला हे पुढे येईलच. भाषणे चांगली झाली. ‘एकाहत्तरच्या लढाईत तोफा धडधडत होत्या, पण भास्करभाईंचा कॅमेरा एक क्षणही थांबला नाही,’ असे एक पुढारी म्हणाले तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या आप्पांच्या पत्नी सुमनवहिनींनी माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला. लोकांना वाटले, हुंदका आला.

बातमी मला वहिनींनीच दिली होती, पर्वत पाटिया भागातल्या त्यांच्या घराखालच्या पीसीओवरून. मी आप्पांच्याच गुजराती दैनिकात फोटोखालच्या ओळी लिहितो. खानदेशातून आलेली आम्ही दोनच माणसे तिथे होतो, त्यामुळे एकमेकांची चेष्टा करायला आम्हाला भाषांतर लागत नसे. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊ, हे गेले. सकाळी चहा मागितला, तो प्यायलेच नाहीत…” मग, “पेपरात फोटो लागेल ना? तोच देणार आहे मी. दुसरा नाहीच. पण त्याले कापू नका.”

‘त्याले’ म्हणजे कोणाला, हे मला विचारावे लागले नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमच्या दैनिकाने आप्पांना कच्छकडे पाठवले. लढाईची छायाचित्रे आपल्याच माणसाने काढलेली असावीत, अशी तेव्हाच्या संपादकांची महत्त्वाकांक्षा होती. एसटी, मग लष्कराचा ट्रक आणि शेवटी पायी असे करत आप्पा भुजच्या पुढच्या एका गावात पोहोचले. संध्याकाळी ब्लॅकआउट झाला. सगळे गाव काळेकुट्ट. खिडक्यांना कागद, विडीसुद्धा ओंजळीत धरून ओढायची. आप्पांना वाटले, हीच तर बातमी. अंधारात बुडालेल्या गावाचा फोटो काढायला हवा. आता अंधाराचा फोटो काढायला उजेड लागतो, आणि आप्पा हाडाचे फोटोग्राफर. त्यांनी फ्लॅश मारला.

पुढच्या मिनिटाला ते होमगार्डच्या हातात होते. “हा वेडा आहे की हेर?” यावर चौकीत बराच खल झाला. शेवटी वेडा आहे असे ठरले, कारण हेर असता तर एवढा उघड मूर्खपणा केला नसता. कॅमेरा मात्र चौकीच्या कपाटात गेला आणि लढाई संपेपर्यंत तिथेच राहिला. एक क्षणही न थांबलेला कॅमेरा तो हा.

आप्पांना गावातल्या शाळेत ठेवले. शाळेच्या मैदानात खंदक होता आणि मैदानात एक काळे, एक कान लोंबणारे कुत्रे होते. त्याच्या घरचे लोक गाव सोडून गेले होते. सायरन झाला की ते सगळ्यांच्या आधी खंदकात शिरे. आप्पांना वाट ठाऊक नव्हती, म्हणून पहिल्या वेळी ते कुत्र्यामागे धावले. पुढे वाट ठाऊक झाली तरी धावले कुत्र्यामागेच. आत बसून कुत्रे थरथरे आणि आप्पाही थरथरत. कोण कोणाला धीर देतो हे अंधारात कळत नसे. “लढाईत आम्ही दोघांनी एकच काम केलं,” आप्पा सांगत, “वेळेवर लपलो.” त्यांनी त्याचे नाव सायरन ठेवले.

लढाई थांबली, कॅमेरा परत मिळाला, आणि त्याच दुपारी तपासणीसाठी भोंगा वाजवला गेला. सायरन खंदकात. सवयीने आप्पाही खंदकात. बाहेर पोरे हसत होती. तेव्हा आप्पांनी हात लांब करून कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि बटण दाबले. पुढे सायरनचे तोंड आले, त्याच्या मिशांचा केसन् केस मोजावा असे. मागे आप्पा, धुक्यात उभ्या खांबासारखे. आप्पांच्या युद्धछायाचित्रांचा संपूर्ण संग्रह तो एवढाच.

फोटो आणि कुत्रे दोन्ही घेऊन ते सुरतेला आले. संपादकांनी फोटो पाहिला, उलटा करून पाहिला. “भास्करभाई, एमां समाचार शुं छे?” यात बातमी काय? आप्पांनी फोटो उचलून पिशवीत ठेवला. पण पुढे दर डिसेंबरात ते तो फोटो संपादकांच्या टेबलावर ठेवत आणि दर डिसेंबरात तो परत येई. त्या जागी रणगाड्यावर बसलेल्या कोणाचा तरी एजन्सीचा फोटो लागे. मी एकदा म्हणालो, “आप्पा, सोडा ना आता. कुत्र्याचा फोटो कोण छापतं?” ते चिडले नाहीत. म्हणाले, “अरे, मी लढाईत पाहिलं ते एवढंच. बाकीचं मी पाहिलेलंच नाही. मग छापायचं तरी काय?”

सायरनला लढाई संपली हे शेवटपर्यंत कळले नाही. आप्पांच्या घराजवळ कापडाची गिरणी होती आणि संध्याकाळी पाळी बदलताना तिचा भोंगा वाजे. तो वाजला की सायरन खाटेखाली शिरे आणि दिवा बंद होईपर्यंत रडे. मग आप्पा दिवा बंद करून खाटेशेजारी जमिनीवर बसत. वहिनींच्या तव्यावर भाकरी असे. “जळीन ती!” त्या ओरडत. “दोन मिनटं. विमान जाऊ दे,” आप्पा म्हणत. पाहुणे असले तर पाहुणेही अंधारात. त्या अंधारात मी कितीदा बसलो आहे… बशीत चहा निवत असे, खाटेखाली श्वास ऐकू येई, आणि आप्पा हळू आवाजात कुत्र्याला अहिराणीत काहीतरी समजावत असत. बायकोशी एवढ्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना ऐकले नाही. वहिनींनीही ऐकले नसावे. तसे त्या म्हणत.

सायरन म्हातारा होऊन खाटेखालीच गेला. दिवा बंद होत राहिला. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी बंद पडली, भोंगाही थांबला, आणि आप्पा अंदाजाने दिवा बंद करू लागले. नवे शेजारी दारात येऊन विचारत, “लाइट गई क्या?” आप्पा म्हणत, “आती है, आती है.”

तर त्या सकाळी मी फोटो घेऊन ऑफिसात गेलो. आता आमचे संपादक तरुण आहेत आणि पाने संगणकावर लागतात. ओळखपत्रावर आप्पांचा एक फोटो होता, पण सरकारी शिक्का नेमका नाकावर बसलेला. संपादक म्हणाले, “कूतरो काढी नाखो.” मी म्हणालो, “काढून बघा.” ऑपरेटरने कुत्रा काढला. पडद्यावर एक चष्मा आणि एक कानासारखे काहीतरी उरले. मोठे केले तेव्हा कानही राहिला नाही. (शोकसभेवाल्यांनीही नंतर हाच प्रयोग केला, आणि म्हणून खुर्चीवर कॅमेरा आला.)

“आ कोण छे?” संपादकांनी विचारले.

“आप्पा.”

“कूतरा साथे वधारे सारा लागे छे,” ते म्हणाले. कुत्र्यासोबत जास्त बरे दिसतात.

फोटो अख्खा लागला, दोन कॉलमी. मी खाली ओळ लिहिली: मागे भास्करभाई सोनवणे, पुढे सायरन. फोटोतल्या प्रत्येकाचे नाव छापून गेलेच पाहिजे, असा आप्पांचा माझ्याशी कायमचा वाद असे. सत्कारात मागे उभ्या असलेल्या चपराशाचेही ते नाव विचारून आणत. ऑपरेटरने निधनाच्या पानाच्या सवयीने दोन्ही नावांआधी ‘स्व.’ लावले. सकाळी अंक घेऊन मी वहिनींकडे गेलो आणि चूक दाखवली. त्यांनी फोटोवरून बोट फिरवले, आधी पुढे, मग मागे. “चूक कशी?” त्या म्हणाल्या. “तो बी गयाच ना.”

परवा मी पुन्हा गेलो होतो. कात्रण चौकटीत बसवून खाटेच्या वर, दिव्याच्या बटणाशेजारी लावले आहे. आम्ही बोलत असताना वहिनी उठल्या आणि त्यांनी दिवा बंद केला. दोन मिनिटांनी दिवा लावला. तेव्हा माझ्या लक्षात आले की फोटोला हार नाही. वहिनी म्हणाल्या, हार घातला की सायरनचे तोंड झाकले जाते. म्हणून तो शेजारच्या खिळ्याला अडकवला आहे. त्या खिळ्याला एका साडीच्या दुकानाचे कॅलेंडर आहे आणि कॅलेंडरवर, नेमका हाराच्या आत, दुकानाच्या मालकांचा हसरा फोटो. मालक हयात आहेत.