अण्णांचा फेटा माझ्या डोक्यावर

हसायचं न्हाई, असं आधी कबूल करा, मग सांगतो. तरी हसणारच म्हणा तुम्ही. आमची म्हातारी अजून हसतीय.

आमच्या गावच्या शाळेचं छप्पर गेल्या पावसात खचलं आणि पोरं देवळाच्या ओट्यावर बसायला लागली. नवी शाळा तर पाहिजे, आणि ग्रामपंचायतीच्या तिजोरीत खडखडाट! निम्मं गाव म्हणे बांधा. निम्मं म्हणे कशानं बांधता, शेणानं?

अशात एका दुपारी मला काय दिसावं? सरपंच विलास आणि खताचे व्यापारी भूपालअण्णा, दोघं अण्णांच्या रिकाम्या गोदामात. शटर अर्धं खाली, आत टेप धरून मापं चाललेली! मी वाकून बघितलं, तर विलासनं चटकन एक पिशवी पाठीमागं लपवली.

"काय मोजतुयास रं?"

"काय न्हाई तात्या, असंच."

असंच? असंच कोण गोदाम मोजतं का? वर त्या दिवशी अण्णांना चहा विलासनं पाजला. निवडणूक सोडली तर या गड्यानं कुणाला कधी चहा पाजलाय?

झालं! माझं डोकं पळायला लागलं. पोरं गोदामात कोंबायची, नवी शाळा विसरायची, आणि स्टँडजवळच्या जुन्या शाळेच्या जागेवर दुकानगाळे काढून अण्णांना द्यायचे! दाढी करता करता हे मी दगडू न्हाव्याच्या कानात घातलं. कुणाला सांगायचं न्हाई, अशी शपथ घालून.

संध्याकाळी पारावर एकजण माझ्याच कानाला लागला. "तात्या, कळलं का? शाळेच्या जागेवर मंगल कार्यालय हुतंय. वर लॉज!"

मी शहाणा असतो तर हसलो असतो. छे! मी म्हटलं, बघा, माझा संशय खरा निघाला!

ग्रामसभा भरली. विलास उठला, "मंडळी, नवी शाळा हुईस्तवर..."

"थांब!" मी उभाच राहिलो. "आधी मापं कशाला घेतली ते सांग! पिशवीत काय लपिवलंस?"

"व्हय व्हय, पिशवी दाखव!" गाव ओरडलं.

विलासनं पिशवी उलटी केली. आतनं निघाला गुलाबी फेटा.

"अण्णा गोदाम फुकट देणार हुते, शाळा हुईस्तवर. त्येंचा सत्कार करायचा हुता. आधी कुणाला बोलू नगंस म्हणाले हुते," विलास म्हणाला.

अण्णा उठले. तोंड लालबुंद. "चोर ठरिवलासा व्हय मला? मग ऱ्हाऊ द्या माझं गोदाम!" चपला घातल्या आणि चालते झाले.

आता पोरं बसवायची कुठं? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी गप बसायचं की नाही? पण जीभ ऐकतीय व्हय!

"एवढं काय त्यात? माझ्या पोरानं मिलिटरीत राबून घराला लय मोठा हॉल बांधलाय. मला इचारलं असतं, तर मी न्हाई म्हणलो असतो का?"

"तात्या, मग दिला समजू?" म्हणत विलासनं फेट्याचा पहिला वेढा घातलासुद्धा! टाळ्या कडकडल्या. चारचौघांत डोक्याला बसलेला फेटा सोडून परत देता येतो का, तुम्हीच सांगा! मला तर अजून दाट संशय आहे, तो अण्णांसाठी आणलाच नव्हता.

घरी गेलो तर म्हातारी दारात. "आवं, लॉज निघाला म्हणं? आपल्याच घरात?"

तर मंडळी, आता पहिली ते चौथी माझ्या हॉलमध्ये भरते. बाईंनी माझ्याच दारावर पाटी लावलीय, आवारात तंबाखूला बंदी. चिमूटभर मळायची तरी गल्लीच्या टोकाला जावं लागतं. परवा वर्ग चालू असताना गुपचूप निघालो, तर बाई फळ्याकडनं गर्रकन वळल्या.

"तात्या, न विचारता कुठं?"

आणि मी, घराचा मालक, उंबऱ्यात उभा राहून करंगळी वर केली!