चितेगावच्या ओढ्यापलीकडं

काल गॅरेजवरून जाताना पेट्रोलचा वास आला आणि जुन्या जीपांच्या आमच्या क्लबातला, नुकताच गेलेला दोस्त आठवला. एका पावसाळ्यात आम्ही दोघं त्याच्या जीपनं फिरायला निघालो होतो, तर चितेगावजवळ ओढ्याला पूर, आणि पलीकडं बैलगाडीत बाळंतपणात अडलेली एक बाई कण्हत होती. तिला आणायला तो जीप पाण्यात घालायला निघाला. मी त्याच्या शेजारी चढू लागलो, तसा तो म्हणाला, "तू इथंच थांब. दोघंबी बुडालो तर जीप कोण काढणार?" मधोमध इंजिन बंद पडलं. मी काठावर येरझाऱ्या घालत त्याला शिव्या देत राहिलो. अखेर इंजिन पुन्हा सुरू झालं. बाईला सुखरूप घेऊन तो परतला. "लई भ्यालो रे," तो माझ्या कानात म्हणाला. परवा शोकसभेत सगळे म्हणाले, त्याला भीती ठाऊकच नव्हती. तो भ्यायला होता, तरी गेला होता, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं; ते ऐकल्यापासून मला घरात बसवत नाही.