मळीचा किल्ला

एकोणीसशे त्र्याहत्तर, मे महिन्यातला पहिला शनिवार. मी ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या मेळ्यातल्या मावळ्यांच्या अंगरख्यांना बंद शिवत होते. कापड शेजारच्या गृहस्थांनी कापलं होतं, त्यामुळे एका अंगरख्याच्या दोन्ही बाह्या डाव्या आल्या होत्या. मी तो त्यांच्यापुढे धरला. ते दोन पावलं मागे सरले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "लांबून कळत न्हाई, बाई."

"घालणाऱ्याला जवळून कळेल," मी म्हटलं.

"घालनाऱ्याकडं कोन बघतंय?"

मी शाळेत शिवण शिकवत होते, म्हणून नगर जिल्ह्यातलं आमचं सगळं कर्जत मला बाई म्हणे. हे गृहस्थ बाशिंगं आणि गणपतीची मखरं करत. तुमच्याही गल्लीत असा एकजण असेल, ज्याच्या हाताला क्षणाची उसंत नसते आणि ज्याच्या हातची एकही वस्तू सरळ उभी राहत नाही. आमच्याकडे एका लग्नात त्यांच्या बाशिंगाचा रंग घामाने उतरला आणि नवरदेव मंगलाष्टकं संपेपर्यंत कपाळापासून हनुवटीपर्यंत गुलाबी झाला. वधूची आई जाब विचारायला आली. गृहस्थ मांडवाच्या दारापर्यंत मागे गेले आणि तिथून तेच वाक्य बोलले. माझी कात्री त्यांनी नेली ती आजतागायत परत आलेली नाही, आणि आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली, तेव्हा ती येईल असं वाटत नाही.

त्या वर्षी दुष्काळ होता. लग्नं पुढे ढकललेली, बाशिंगं कोण घेणार? तरी वैशाखातल्या शिवजयंतीला गावच्या उत्सव समितीने ऐतिहासिक मेळा ठरवला. शिवकालीन बाजार, दांडपट्टा, पालखी आणि संध्याकाळी किल्ल्याची लढाई. किल्ला करायचं काम या गृहस्थांनी मागून घेतलं. मोबदला विचारल्यावर म्हणाले, "पैसं नगंत. भोंग्यावर नाव घ्या. बापाच्या नावासकट."

हे दुखणं जुनं होतं. दरवर्षी गणपतीत भोंगा ओरडायचा, आरास अमक्यांच्या सौजन्याने, बर्फाचं पाणी तमक्यांच्या सौजन्याने. ज्याने रात्रंदिवस खपून आरास केली तो खांबाला टेकून ऐकत उभा असायचा. त्यांचे वडीलही असेच ऐकत उभे राहून गेले. "आमच्या घरातलं नाव भोंग्याच्या तारेतनं एकदा बी गेलं न्हाई," ते सांगत. समितीने कबूल केलं. लढाई संपली की नाव.

शनिवारी दुपारी मी किल्ला बघायला गेले. बांबूच्या सांगाड्यावर उसाच्या पाचटाच्या पेंढ्या बांधल्या होत्या. त्यावर रेशनच्या लाल ज्वारीची खळ. ती ज्वारी माणसांना गिळवत नव्हती, तेव्हा खळीला वापरली याबद्दल माझी तक्रार नाही. सगळ्यात वरून काळ्या दगडासारखं दिसावं म्हणून साखर कारखान्याच्या ट्रकवाल्याकडून मिळवलेली उसाची मळी चोपडली होती. माश्यांनी तटबंदी आधीच सर केली होती.

"अहो, मळी गुरांच्या वैरणीवर शिंपडतात ना?" मी विचारलं.

"वैरनीवर पानी घालून शिंपडत्यात. ही दाट हाय."

"ओढ्यापलीकडे गुरांची छावणी आहे."

"लांब हाय की ती," ते म्हणाले आणि बुरुजाला आणखी एक हात दिला.

रविवारी मेळा भरला. शिवकालीन बाजारात एक वाणी मुंडासं बांधून ग्लुकोजची बिस्किटं विकत होता. समितीचे अध्यक्ष तुमान, जामा आणि काळा गॉगल घालून घोड्यावर बसले होते आणि घोड्याला एक माणूस धरून उभा होता. शेजारचे गृहस्थ सकाळपासून पळत होते. कुणाची मिशी चिकटव, कुणाच्या ढालीचा बंद शिव, मध्येच पत्र्याची तलवार दगडावर ठोकून सरळ कर. आणि दर फेरीला भोंग्यापाशी जाऊन यायचं. भोंग्यावर आमच्या शाळेचे कवायतीचे मास्तर होते.

"मास्तर, नाव ध्यानात हाय न्हवं?"

"आहे हो."

"बापाचं?"

"तेही आहे. जा आता, तुमच्या त्या सरदाराची दाढी पडली बघा."

चारच्या सुमाराला वारा फिरला. छावणीतली गुरं पाण्यावर सोडायची ती वेळ. माणसांना लांबून कळत नसेल, गुरांना कळलं. आधी एक हाडकुळी कपिला गाय ओढा उतरून आली, तिने मुख्य बुरुज चाटून पाहिला आणि एक पेंढी उपसली. तिच्यामागे सगळी छावणी. किल्ल्यावरचे मावळे मागच्या बाजूने उड्या टाकून पळाले. शत्रूचं सैन्य अजून पानाच्या टपरीशी होतं.

आम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो. मी उजव्या बाहीचं काहीतरी जमवत होते आणि गृहस्थ माझ्याशेजारी सुतळी वळत होते. तेवढ्यात भोंगा खरखरला. मास्तरांनी त्यांचं नाव घेतलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पुढे श्रीयुत लावून. "असतील तिथून ताबडतोब किल्ल्याकडे यावे. किल्ला गुरे खात आहेत."

सुतळी त्यांच्या हातातून खाली पडली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हलले नाहीत.

"ऐकलंत ना? पळा की. अजून अर्धा उभा आहे."

"थांबा बाई," ते हळूच म्हणाले. "म्या गेलो न्हाई तर परत घेत्याल."

मास्तरांनी परत घेतलं. मग आणखी एकदा, जरा चिडून. प्रत्येक वेळी त्यांची मान अंमळ वर होत होती. किल्ल्याकडे त्यांनी पाहिलं नाही. भोंग्याकडे पाहत राहिले, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मी काठी घेऊन निघाले तेव्हा दुसरा बुरुज गेला होता.

तटापाशी कपिलेचा मालक उभा होता, कोंभळीकडचा म्हातारा शेतकरी. दावं त्याच्या हातात होतं, पण तो ते तिच्या गळ्यात घालत नव्हता.

"हाका की तिला," मी म्हटलं.

"खाऊ द्या, बाई. दिवाळीपास्नं आसं खाल्लं न्हाई तिनं."

मी काठी खाली ठेवली. एका गायीसाठी मी वाद घालत नाही.

लढाई नुसत्या बांबूंभोवती झाली. शत्रू हरला. अध्यक्षांचं भाषण झालं, त्यात सगळ्या देणगीदारांची नावं आली. गृहस्थांचं नाव परत आलं नाही, आणि त्यांनी ते मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घमेलं घेऊन मैदानावर गेले. दुष्काळात शेणाचीही टंचाई होती आणि किल्ल्याच्या जागी ते भरपूर पडलेलं होतं. घरी येऊन अंगण सारवायला घेतलं. गृहस्थ कुंपणाशी आले.

"ह्यो आपला किल्लाच म्हनायचा की."

"तोच आहे."

ते दोन पावलं मागे सरले आणि एक डोळा मिटला. मी त्यांच्या वाक्याची वाट पाहत हात थांबवला. मग ते पुन्हा पुढे आले, वाकले आणि ओल्या अंगणाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"जवळनं बी बरं दिसतंय," ते म्हणाले.

मी तुळशीकडचा कोपरा सारवायला घेतला.