लक्ष्मणरावांच्या चालीतली रिकामी जागा

पुलगावात बँड म्हटलं की लक्ष्मणराव मास्तर, आणि लक्ष्मणराव म्हटलं की त्यांच्या बायकोची, नलूकाकूंची कटकट. लष्कराच्या दारूगोळा डेपोतल्या एका साहेबांनी बदलीच्या वेळी मास्तरांना रेकॉर्डींचं खोकं देऊन टाकलं, तेव्हापासूनची. एका अमेरिकन अरेंजरच्या, म्हणजे वाद्यमेळ बसवणाऱ्याच्या तबकड्या, जॅझ, सोल आणि फंक असल्या तिकडच्या ठेकेबाज संगीताच्या. साहेब गेले आणि मास्तर बिघडले. रोज सकाळी काकू चुलीशी भाकरी थापायच्या आणि बाहेर मास्तर रेकॉर्ड लावून बसायचे, ट्रम्पेट काय बोलतो, सॅक्सोफोन त्याला कसा चिडवतो ते ऐकत.

"अजून झालं नाई का ऐकून?" काकू आतून विचारायच्या.

मी त्यांच्या बँडात ट्रम्पेट वाजवतो. त्या ढंगात मास्तरांनी आमच्यासाठी एक चाल बसवली. भन्नाट चाल, पण रेकॉर्डमधली एक खोड त्यांनी तिच्यात जशीच्या तशी आणली. मध्ये मध्ये सगळ्यांनी चार ठोके गप्प राहायचं आणि मग एकदम तुटून पडायचं. घोडं तिथंच पेंड खायचं. आमच्याकडे वरातीत बँड थांबला, म्हणजे मास्तरांना बक्षीस हवं, असंच लोक धरतात. केळझरच्या एका लग्नात नवरदेवाचे मामा नोट ओवाळत धावले. मग सलाम करा, नोट घ्या, आणि चाल तिथंच मेली. दर लग्नात हेच. शेवटपर्यंत ती कधी पोचलीच नाही.

"काका, ढोलानं भरून टाका ना ती जागा," मी एकदा वैतागून म्हणालो.

"नाच तिथंच तर हाय, धीरज. भरू कशी?"

यंदा त्यांच्या मुलाचं, धनंजयचं लग्न निघालं. घरच्या वरातीत तरी चाल पुरी वाजणार, असं मास्तरांनी जाहीर करून टाकलं. तर धनंजयचा दोस्त विक्की पिकअपवर डीजे घेऊन हजर.

"काका, बँड थांबला का मी लावतो बरं. पोरायले नाचाचं हाय."

मास्तर चक्क हो म्हणाले. आता बोला! घाम मला फुटला.

वरात निघाली. नव्या कोटातले मास्तर आमच्याकडे तोंड करून उलटे चालत होते. चाल रंगली आणि ती जागा आली. त्यांनी मूठ आवळली, आम्ही गप्प. धनंजयच्या प्रभाकरमामांचा हात खिशात गेला, विक्कीचा बटणाकडे.

तेवढ्यात टाळी वाजली. पदर खोचून नलूकाकू पुढे आल्या होत्या. चारही ठोके त्यांनी टाळ्यांनी दिले, कंबर हलवत, अगदी तालात, आणि चौथ्यानंतर आम्ही तुटून पडलो. ती जागा पुन्हा आली, तेव्हा सगळ्या बायकांनी टाळ्या दिल्या. त्याच्या पुढच्या वेळी विक्कीनंही. मामा नोट हातात धरून नाचत राहिले. चाल शेवटपर्यंत वाजली आणि मी इतका खूश झालो की ट्रम्पेट तसाच वर धरून उभा राहिलो.

मास्तरांचे डोळे भरले होते. "तुले कशी माहीत वं ती जागा?"

"कसं म्हणजे?" काकू घाम पुसत म्हणाल्या. "इतकी वर्सं भाकरीच्या चार थापा तिथंच मारून राह्यली ना मी."