रिकाम्या फोल्डरमधली चाचणी

लोर्ना हाउगनचं काम कुणाच्या डोळ्यांत भरणारं नव्हतं. अमेरिकेतल्या डुलुथच्या सरोवरावरचा बर्फ कधी ठिसूळ होतो, हे मच्छीमारांना फोनवर कळवणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती होती. बर्फाचा हिशेब करायचा जुना प्रोग्राम सी भाषेतला, इशारा पाठवणारी स्क्रिप्ट पायथन भाषेतली. या दोघांना जोडणारा सांधा लोड होतो ना, एवढंच ती प्रत्येक नव्या आवृत्तीला तपासायची. तिचा साहेब डेल म्हणायचा, "दार उघडतं का ते बघायचा पगार खातेस तू."

त्याच डेलने स्क्रिप्ट अडली तर गप्प राहावी असं करून घेतलं होतं. उगाच लोक घाबरायला नकोत म्हणे. शहाणाच तो!

तिचा थोरला भाऊ रूडी मात्र तिच्या कामावर पुरता विसंबून होता. फोन वाजला नाही की बर्फ पक्का, असं म्हणून तो मासेमारीला पिकअप ट्रक थेट सरोवरावर घालायचा.

मार्चमध्ये नवी आवृत्ती निघाली. लोर्नाने नेहमीसारखी चाचणी चालवली, हिरवी खूण आली. त्याच आठवड्यात रूडी पिकअपसकट बर्फाखाली गेला. फोन कुणाचाच वाजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डेल पडेल आवाजात म्हणाला, "पण तुझी चाचणी तर पास झाली होती." लोर्नाने एक रिकामा फोल्डर उघडला आणि तिथून तीच चाचणी चालवली. असं मॉड्यूलच नाही, म्हणजे सांधाच सापडत नाही, असं उत्तर आलं. या वेळी सांधा स्टेशनला पाठवायच्या पॅकेजमध्ये गेलाच नव्हता. इतकी वर्षं ती स्वतःच्या फोल्डरमध्ये बसून चाचणी घेत होती, आणि पायथन तिथेच शेजारी पडलेली सांध्याची प्रत उचलत होता. इशारे पाठवणाऱ्या स्टेशनवरच्या मशीनला ती प्रत कुठून मिळणार?

दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि कॉफी होती. भावजय कार्ला तिच्याजवळ येऊन बसली.

"निघताना फोन बघितला त्याने," कार्ला म्हणाली. "म्हणाला, वाजला नाही, म्हणजे लोर्नाने बघितलंय."

लोर्नाने सगळं सांगितलं. फोल्डर, प्रत, पॅकेज. कार्लाला त्यातलं काही कळलं नाही. तिने लोर्नाच्या बशीत एक सँडविच ठेवलं.

"पण तू बघितलं होतंस ना?" तिने विचारलं.

"हो," लोर्ना म्हणाली. "माझ्याच मशीनवर."