हिरव्या रंगाखाली

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि त्याच सुमारास आम्ही तात्यापाऱ्यातलं भाड्याचं घर सोडून शहराच्या टोकाला स्वतःच्या घरात आलो. माझा तोरा असा, की राजधानी जणू आमच्यासाठीच केली. अंगणाला कुंपण होतं, सरईच्या लाकडाचे खांब आणि त्यांवर आडवे लोखंडी पाइप. दर दिवाळीला मी त्याला हिरवा ऑइल पेंट फासायची. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ पदरानं झटकली की लगेच ब्रश. आधी खरवडायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि कोणाला विचारलं असतं तर माझं नाक कापलं गेलं असतं.

सासूबाईंची नजर काचबिंदूनं गेली होती. वरचा पाइप धरून त्या रोज सकाळी पायरीपासून फाटकापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. कोणाचा हात न धरता दिवसभरात तेवढंच चालणं.

एकदा पाइपावर बोटं फिरवत म्हणाल्या, "सूनबाई, हे फोड कायचे आले? रंगावर रंग काहून मारून राहिली? आधी घासून तं पाह्य."

"तुम्हाले दिसत नाही ना आई, म्हणून. चकाचक आहे सारं."

असं बोलले मी, आणि वर हसलेही. नातीला हे सांगितलं तर ती विचारते, "आजी, आप इतनी बेवकूफ थीं?" हव, म्हणते मी, याहून जास्त.

त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरची सकाळ. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. वाळकी शेंग मोडावी एवढाच आवाज झाला. मान वर केली तर सासूबाई झेंडूच्या वाफ्यात बसलेल्या, मुठीत हातभर पाइप तसाच धरलेला. कोणी फसवल्यासारख्या तो तुकडा चाचपत होत्या.

हाड मोडलं नव्हतं. पण मी त्या पाइपाच्या तोंडात पाहिलं. आत लोखंड असं नव्हतंच. तपकिरी पापुद्रे होते, आणि बाहेरून माझ्या रंगाची साल. खांबात स्क्रू पिळायचा पेचकस टोचून पाहिला, तो मुठीपर्यंत आत गेला. पूजेचं पाणी पायदळी येऊ नये म्हणून मी ते रोज त्याच खांबाच्या बुडाशी, झेंडूत ओतत होते. पुण्य मला, वाळवी खांबाला.

सासूबाईंनी खाट धरली. "फाटकापर्यंत येता का, आई?" विचारलं की म्हणायच्या, "काय धरून येऊ?"

मग मी तारेचा ब्रश घेऊन बसले. हिरवा थर, काळी धूळ, पुन्हा हिरवा, पुन्हा धूळ. माझ्या एकेक दिवाळीची खपली निघत होती. सडके पाइप बदलले. नवे खांब बुडाला डांबर लावून रोवले, वाफा हातभर लांब नेला. रेड ऑक्साइडचं अस्तर लावायच्या आधी सासूबाईंना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी उघडं लोखंड वीत-वीत चाचपलं. फाटकाशी थांबल्या.

"इथं राह्यलं."

मला काही दिसेना. घासलं तर मोहरीएवढा गंज निघाला.

त्यांनी पाइप दोनदा हिसकून पाहिला आणि माझा हात कोपरावरून काढला. "सोड मले," म्हणाल्या, आणि एकट्या पायरीकडे निघाल्या. त्या पोचेपर्यंत मी ब्रश हातात धरून फाटकाशीच उभी.