अकरापैकी चार नमुने

प्रयोगशाळेत त्यांना सगळे दाबकाका म्हणत. खडकाचा गोल तुकडा यंत्रात उभा ठेवायचा आणि तो किती दाब सोसतो ते पाहायचं, हे त्यांचं एकोणतीस वर्षांचं काम. काटा चढत जाई, दगड गप्प राही आणि मग एकदम तिरका फुटे. नव्या माणसाला ते सांगत, "जमिनीखाली हेच चालतं. दोन्हीकडून रेटा येतो, खडक लाखो वर्षं सोसतो. सोसवेना झालं की तुटतो आणि दोन्ही बाजू एकमेकींवर सरकतात. त्याला प्रस्तरभंग म्हणायचं. सरकल्या नाहीत तर ती नुसती चीर."

एका इस्पितळाच्या नव्या इमारतीच्या जागेवरून अकरा नमुने आले. सात ठणठणीत निघाले. चार मात्र काटा हलतो न हलतो तोच बसले. काकांनी तुकडे उजेडात धरले. फुटलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत, तिच्यावर एकाच दिशेचे ओरखडे आणि फटीत राखाडी, बुळबुळीत माती. खडक खडकावर घासून पीठ झालं होतं.

साहेब बिस्कीट चघळत आले. "हे चार ड्रिलवाल्याने बिघडवलेत. सोडून द्या. सातांचाच अहवाल करा."

"ड्रिलचे ओरखडे गोल येतात, साहेब. हे सरळ आहेत."

"काका, तुम्ही यंत्र चालवा. भूगर्भ मी बघतो."

साहेबांनी चारही नमुने कचऱ्याच्या टोपलीत टाकले आणि बोटांची माती काकांच्याच रुमालाला पुसली. काकांनी तो रुमालही टोपलीत टाकला. दोन वर्षांपूर्वी एका पुलाच्या वेळीही त्यांनी असंच "सोडून द्या" ऐकून घेतलं होतं. पूल उभा होता, पण काका अजून लांबच्या रस्त्याने घरी जात.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी टोपलीतून तुकडे उचलले आणि इस्पितळाच्या इंजिनीअर बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले. बाईंनी ती माती बोटांत चोळून पाहिली.

"लेखी द्याल?"

"माझं नाव नको. निवृत्तीला सात महिने राहिलेत."

बाईंनी नाव न घेता जागेवर चर खणायला लावला. चराच्या भिंतीत खडकाचा तांबूस थर मध्येच तुटला होता आणि पलीकडे हातभर खाली गेला होता. इमारत जागेच्या दुसऱ्या टोकाला हलवली.

काकांचं नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे महिन्याभराने सत्कार झाला, तो साहेबांचा. "माझ्या नजरेला पहिल्याच दिवशी शंका आली होती," ते माईकवर म्हणाले. बाई खाली बघत बसल्या. साहेबांनी काकांनाही वर बोलावलं, गुच्छ दिला आणि ओलसर, मऊ हाताने त्यांचा हात दाबत पुटपुटले, "आपली टीम आहे, काका."

काकांनी गुच्छ बेसिनवर ठेवला, साबणाने दोनदा हात धुतले आणि ते घरी आले.

बायकोने विचारलं, "जेवला नाहीत तिथे?"

"शिसारी आली."

"साहेबाची?"

"त्याची तर नेहमीचीच आहे," काका म्हणाले. "आज नाव नको म्हणणाऱ्याची आली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार नमुन्यांचं सगळं लिहून काढलं. त्यात पुलाचंही लिहिलं, खाली सही केली आणि कागद बाईंच्या हातात दिला. पुलाची तपासणी पुन्हा सुरू झाली. निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने साहेब त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. काकांना वाटलं, हे आधीच झालं असतं तर बरं झालं असतं.